दैनंदिन जीवनात ध्यानसाधना

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानासाठी मंडळाने मला बोलावले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी भिक्खू नाही, पालीचा पंडित नाही आणि ध्यानाचा आचार्य तर नाहीच नाही. रेल्वेच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते एका संसारी माणसाने संसारी माणसांना सांगितलेले चार अनुभवाचे शब्द आहेत, असे आपण समजावे.

गेल्या वर्षावासात याच सभागृहात ध्यानावर चर्चा झाली, तेव्हा एक तरुण उभा राहिला. तो म्हणाला, "काका, आपल्या माणसांवर अजून अन्याय होतो. शिकलेल्या मुलांना नोकऱ्या नाहीत. वस्तीत दारूचे गुत्ते आहेत. अशा वेळी डोळे मिटून बसायचे, ही पळवाटच नाही का?" सभागृहात टाळ्या पडल्या. खरे सांगतो, मला त्या मुलाचा राग आला नाही. ऐन उमेदीच्या वयात हाच प्रश्न मी इतरांना विचारीत होतो. त्या दिवशी वेळेअभावी उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या तरुणाला दिलेले माझे उशिराचे उत्तर आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ध्यान ही बाहेरून आपल्याकडे आलेली नवी टूम नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात अष्टांगिक मार्गाचा अवलंब करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती दरवर्षी हात पुढे करून म्हणतो. त्या मार्गाची आठ अंगे मोजून पाहा. सम्यक वाचा आहे, सम्यक कर्मान्त आहे, सम्यक आजीविका आहे. आणि शेवटी सम्यक स्मृती व सम्यक समाधी आहे. आठातली सहा अंगे घ्यायची आणि दोन सोडून द्यायची, अशी सवलत तथागतांनी कोणालाही दिलेली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या बोधिप्राप्तीचे वर्णन केले आहे. तेथे ध्यानाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, आणि त्यातली पहिली अवस्था विचाराची व शोधाची आहे. म्हणजे बौद्धांचे ध्यान बुद्धीला झोपवीत नाही. ते तिला जागे करण्यापासूनच सुरू होते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही मान खाली जाते.

१९९२ सालची गोष्ट. कारखान्यात बढतीची यादी लागली होती. त्यात माझे नाव होते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मागून कोणीतरी बोलले, "सरकारचे जावई पुढे गेले!" चार लोक हसले. माझ्या हातात पाना होता. तो मी फरशीवर असा आपटला की सगळी शॉप गप्प झाली. मग तोंडाला येईल ते बोललो. दोन दिवसांनी मला मेमो मिळाला. चौकशी झाली. पाना आपटल्याचे सात साक्षीदार मिळाले. त्या वाक्याचा एकही मिळाला नाही. माझी बाजू सत्याची होती, पण कागदावर दोषी मी ठरलो.

गोष्ट इथेच संपत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी घरी आलो. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने शाळेच्या सहलीसाठी पैसे मागितले, आणि मी तिच्या थोबाडीत मारली. तिचा काय अपराध होता? कारखान्यात ज्याला उत्तर द्यायचे होते त्याला नीट देता आले नाही, आणि ज्या जिवाचा काही संबंध नव्हता त्याच्यावर हात उठला. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. माझी आई रोज तिन्हीसांजेला त्रिसरण-पंचशील म्हणत असे. त्या दिवशीही ती म्हणत होती. 'पाणातिपाता वेरमणी' हे शब्द माझ्या कानावर पडले आणि मला घरात बसवेना.

बंधू-भगिनींनो, अन्याय बाहेर होतो, पण त्याचा राग आपण घरात आणतो. आपल्या कितीतरी घरांत हे घडते. काहीजण तो राग दारूत बुडवायला जातात. समाजाच्या संघर्षात आपली बायकामुले अशी विनाकारण जखमी होतात, आणि त्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

संयुत्त निकायात तथागतांनी सांगितलेली एक डोंबाऱ्याची कथा आहे. एक डोंबारी उंच बांबूवर कसरत करीत असे. त्याचा एक शागीर्द होता. गुरू शागिर्दाला म्हणाला, "तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. म्हणजे आपण खेळ दाखवू, चार पैसे मिळवू आणि सुखरूप खाली उतरू." शागीर्द म्हणाला, "गुरुजी, असे चालणार नाही. तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो. तरच आपण दोघे सुखरूप उतरू." तथागतांनी शागिर्दाची पद्धत बरोबर ठरवली. पण ते तिथेच थांबले नाहीत. स्मृतीचा अभ्यास करून जो स्वतःला सांभाळतो तो दुसऱ्यालाही सांभाळतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व करुणा यांनी जो दुसऱ्याला सांभाळतो तो स्वतःलाही सांभाळतो, असा या उपदेशाचा आशय आहे. आपल्या गावोगावच्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बांबूवर चढलेल्या माणसाचा तोल गेला तर त्याच्या खांद्यावरचे पोरही पडते. मी त्या दिवशी तोल घालवला आणि माझे पोर पडले.

पुढे एका मित्राच्या सांगण्यावरून मी इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. तेथे आर्य मौन असते, पहाटे चारला घंटा होते, शिबिराची फी नसते. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहायचा. श्वास अमुक तऱ्हेने घ्यायचा नाही, रोखायचा नाही. आहे तसा पाहायचा. ऐकायला सोपे वाटते. पण पहिल्या दिवशी दहा श्वाससुद्धा सलग पाहता आले नाहीत. मन कारखान्यात, बढतीच्या यादीत आणि त्या माणसाच्या हसण्यात फिरत होते. तेव्हा प्रथम कळले की, ज्याच्यावर माझा राग होता तो माणूस आपल्या घरी आरामात झोपला होता आणि मी मात्र त्याला रात्रंदिवस डोक्यात वागवीत होतो.

शिबिराहून आलो तो मोठ्या उत्साहात. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. पंधरा दिवस चालले. मग रात्रपाळी लागली, पाहुणे आले, भाचीचे लग्न निघाले आणि सगळे सुटले. आपल्यापैकी जे शिबिराला जाऊन आले आहेत त्यांतल्या पुष्कळांचा हाच अनुभव असेल. सुटले की मनाला खंत लागते, खंत लागली की आपण त्या वाटेला जातच नाही.

अशा वेळी सोण कोळिविसाची कथा आठवावी. हा श्रीमंत घरचा नाजूक तरुण भिक्खू झाला आणि साधनेसाठी इतके चालला की पायांतून रक्त आले. निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वाजते का? सैल सोडल्या तर वाजते का? तारा जशा बेताने लावायच्या तसाच प्रयत्नही बेताने करायचा. दोन तास जमत नाहीत म्हणून दहा मिनिटेही न करणे, हे तार तुटली म्हणून वीणाच फेकून देण्यासारखे आहे. ज्यांना दोन तास जमतात त्यांनी अवश्य करावेत. मी मात्र पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात केली, आणि ती दहा मिनिटे टिकली.

नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला ध्यान जमत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी सयाजी ऊ बा खिन यांचे उदाहरण आहे. ते ब्रह्मदेशात कारकून म्हणून नोकरीला लागले आणि पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल झाले. त्यांचे गुरू सया तेजी हे शेतकरी होते. ऊ बा खिन यांनी सरकारी कामाचा डोंगर उपसत लोकांना विपश्यना शिकवली. त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोएंका हे व्यापारी गृहस्थ १९६९ साली ही विद्या घेऊन भारतात आले. शेतकरी, सरकारी अधिकारी, व्यापारी अशी ही गृहस्थांची परंपरा आहे. मुंबईजवळची कान्हेरी लेणी पाहा. तेथील शिलालेखांत दान देणारे व्यापारी, सोनार, लोहार यांचे उल्लेख आहेत. लेण्यातले ध्यान आणि बाजारातला घाम यांचा संबंध या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वीच जुळला होता.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट सकाळची. आज आपण डोळे उघडतो ते उशाशी असलेल्या मोबाईलवर. अंथरुणातून उठायच्या आत जगभरची भांडणे आपल्या डोक्यात शिरलेली असतात. मोबाईलला हात लावण्यापूर्वी दहा मिनिटे बसा. वेगळी खोली लागत नाही. आमच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे होती. मी मोरीच्या बाजूला चटईवर बसत असे. नळाचा आवाज, शेजारच्यांचा टीव्ही, लहान मुलांचे रडणे चालूच राहते. आवाज झाला की कळते, आवाज झाला. पुन्हा श्वासाकडे यायचे. मन शंभर वेळा पळाले तर शंभर वेळा परत आणायचे. हे परत आणणे म्हणजेच अभ्यास. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. मैदाने भरतात, फोटो निघतात. चांगली गोष्ट आहे, पण वर्षातून एक दिवस आंघोळ केल्याने कोणी स्वच्छ राहत नाही. ज्यांना आसने येतात त्यांनी ती जाणकाराकडून शिकून, शरीराला झेपतील तेवढी रोज करावीत. ज्यांना जमत नाहीत त्यांनी चंक्रमण करावे, म्हणजे सावधपणे चालावे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाचे बळ येते, कष्टाचे बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि त्यातून मिळालेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. स्टेशनपर्यंत चालत जाता ना? मग त्यातली पाच मिनिटे फोन खिशात ठेवून, पाऊल पडते आहे हे जाणत चाला. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, खाणे-पिणे या सगळ्यांत सावध राहायला सांगितले आहे. लोकलच्या गर्दीत उभा असलेला माणूसही या उपदेशातून वगळलेला नाही.

तिसरी गोष्ट कामाच्या ठिकाणची. कोणी लागेल असे बोलले, तर उत्तर देण्यापूर्वी एक पूर्ण श्वास पाहा. एकच. उत्तर द्यायचे नाही, असे मी म्हणत नाही. उत्तर जरूर द्यावे. पण ते आपण द्यावे, आपल्या रागाने देऊ नये.

चौथी गोष्ट रात्रीची. तथागतांनी राहुलाला विचारले होते, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच शरीराने, वाणीने, मनाने काही करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पुन्हा पुन्हा तपासावे, की याने मला किंवा दुसऱ्याला पीडा होते काय? झोपण्यापूर्वी दोन मिनिटे हा आरसा पाहावा. चूक दिसली तर ज्याच्याशी चुकलो त्याच्याजवळ ती कबूल करावी. आपल्या घरी बुद्धवंदना होतेच. ती संपल्याबरोबर उठून टीव्ही लावण्याऐवजी सर्वांनी पाच मिनिटे शांत बसावे. मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. ती पाहून शिकतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक खास सांगणे आहे. ध्यानाने न वाचलेला धडा आठवत नाही. अभ्यासाला पर्याय नाही. पण वाचायला बसल्यावर मन कुठे गेले हे ज्याला लवकर कळते, त्याचा तासातला बराच वेळ वाचतो. अभ्यासाला बसण्यापूर्वी पाच मिनिटे आनापान करा. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका हातात आल्यावर छाती धडधडली तर घाबरू नका. धडधड जाणा, तीन श्वास पाहा आणि मग पेपर वाचा. आणि निकाल मनासारखा लागला नाही तर गप्प बसून एकट्याने सोसू नका. घरच्यांशी, शिक्षकांशी, मंडळातल्या कोणाशीही बोला. पालकांनाही माझी विनंती आहे, की मुलाच्या गुणपत्रिकेवर आपला कारखान्यातला राग काढू नका. माझ्यासारख्याची चूक पुन्हा करू नका.

काही धोक्याच्या सूचनाही दिल्या पाहिजेत. ध्यान म्हणजे जादू नव्हे. त्यासाठी रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ज्यांना तीव्र उदासी येते, झोप उडते, भास होतात, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे; त्यात लाज नाही. ध्यानात दिसणारे प्रकाश आणि रंग याच्या मागे लागू नये. आणि शीलाशिवाय ध्यानाला पाया नाही. संध्याकाळी पाचवे शील मोडायचे आणि सकाळी श्वास पाहायचा, ही फुटक्या हंड्यात पाणी भरण्याची गोष्ट आहे. १९७९ साली अमेरिकेत एका वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतीच्या अभ्यासावर आधारलेला ताणमुक्तीचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो जगभर पसरला. त्याचा पुष्कळांना उपयोग झाला. पण आपल्यासाठी ध्यान हे केवळ ताण घालवण्याचे साधन नाही. प्रज्ञा, शील आणि करुणा यांच्यापासून ते तोडता येणार नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेऊन सत्याग्रही परतले आणि त्यांच्यावर हल्ला झाला. माणसे रक्तबंबाळ झाली. आपल्या लोकांच्या मनगटात बळ नव्हते काय? होते. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले, प्रतिहल्ला होऊ दिला नाही. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. बाबासाहेब तेथे ध्यानाला बसले होते असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, एका क्षणाचा तोल आणि दहा वर्षांची चिकाटी या दोन्ही गोष्टी लढाईला लागतात, आणि त्या सरावाशिवाय येत नाहीत.

माझाच पुढचा अनुभव सांगतो. १९९९ साली ज्येष्ठता यादीत माझे नाव खाली ढकलले गेले. राग आला. ध्यान करणाऱ्याला राग येत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. छाती तापली, कानशिले तापली. ते मी पाहिले. पण या वेळी हातातला पाना हातातच राहिला. मी यादीची नक्कल मागितली. तारखा जुळवल्या. अर्ज लिहिला, पोच घेतली आणि युनियनकडे व आमच्या कर्मचारी संघटनेकडे गेलो. चौदा महिने लागले, पण यादी दुरुस्त झाली. माझ्यासोबत आणखी दोघांची नावे वर आली. पहिल्या वेळी माझ्याजवळ फक्त राग होता. दुसऱ्या वेळी राग होता आणि पुरावाही होता.

म्हणून त्या तरुण मित्राला मी सांगेन, की बाळा, डोळे कायमचे मिटायचे नाहीत. दहा मिनिटे मिटायचे, ते उरलेला दिवस नीट उघडे राहावेत म्हणून. ध्यान करून जो अन्यायाकडे पाठ फिरवतो, त्याच्या ध्यानात खोट आहे. आणि मोर्च्यात पुढे असणारा जर घरात बायकामुलांवर हात उचलत असेल, तर त्याच्या लढाईतही खोट आहे.

माझ्या मुलीची मी त्या प्रसंगानंतर माफी मागितली. पण तिचा विश्वास परत यायला वर्षे लागली. आज ती दोन मुलांची आई आहे. कधी मी विनाकारण कोणावर खेकसलो तर ती हसून म्हणते, "बाबा, आज बसला नव्हता वाटतं!" माझ्या साधनेची परीक्षा घेणारा याहून मोठा परीक्षक मला माहीत नाही.

उद्या सकाळी आपण सर्वांनी दहा मिनिटे बसावे आणि महिनाभराने आपल्या घरच्यांनाच विचारावे, काही फरक पडला काय? ते जे सांगतील ते खरे मानावे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!